युनिमॉगच्या बॅटऱ्या का मरत होत्या

जर्मन सैन्यातून निवृत्त झालेली युनिमॉग यू 1300 एल (मर्सिडीजचा दणकट ट्रक) अँब्युलन्स घेतली, तेव्हा मागच्या डब्यात स्ट्रेचरचे पट्टे तसेच होते. ते काढून पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. सुतारकाम सरळ होतं. छळलं ते विजेने.

ही गाडी 24 व्होल्टची. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक, जोडलेल्या. माझा पंप, पंखा, दिवे सगळं 12 व्होल्टचं. आधीच्या मालकाने 12 ची तार एकाच बॅटरीवरून काढली होती, मीही ती तशीच वापरली. दोन महिन्यांत दोन्ही बॅटऱ्या गेल्या. नव्या घातल्या, पुन्हा तेच.

मग इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला. एकूण 28.2 व्होल्ट, अगदी ठीक. पण वेगवेगळं मोजलं तर एकीवर 12.9 आणि दुसरीवर 15.3! जिच्यावर ती तार होती ती उपाशी, दुसरी उकळतेय. तिच्या झाकणापाशी सडक्या अंड्यांसारखा वास, पाणी प्लेटांच्याही खाली गेलेलं. बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला फक्त बेरीज कळते, वाटणी नाही.

ती तार काढून टाकली. दोन्ही बॅटऱ्यांवरून 24 घेऊन 12 देणारा 30 अँपिअरचा कन्व्हर्टर लावला, बॅटरीला अगदी लागून फ्यूज. नव्या बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच तारखेच्या घेतल्या आणि जोडण्याआधी वेगवेगळ्या पूर्ण चार्ज केल्या. हे विसरू नका. आता दोन्हींवर 14.1.

परवा बव्हेरियात उणे 6 अंशांत रात्र काढली. सकाळी चहाला आधण यायच्या आत इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.