टाचेचा फोड आणि बुटाची नाडी

बेळगावहून जांबोटी आणि मलप्रभेचे उगमस्थान असलेल्या कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्यात पायी जाण्याचा बेत आम्ही पतिपत्नींनी पावसाळा ओसरता ओसरता तडीस नेला. जांबोटीच्या अलीकडेच पत्नीच्या उजव्या टाचेवर रुपयाएवढा फोड आला. मी बूट तपासू लागलो तेव्हा ती म्हणाली, ‘‘अहो, बुटाला काय बघताय, मोजा पिळून बघा की.’’ सुती मोजा ओलाकच्च होता. ओलसर कातडी मऊ पडून मोज्याला चिकटते आणि पावलागणिक टाच सरकू लागली की कातडीचे थर आतल्या आत ओढले जाऊन त्यांच्यात पाणी साचते.

फोड फोडला नाही; मध्ये भोक पाडलेली जाड पट्टी त्याभोवती लावली. दुसऱ्या टाचेला, पाय कोरडे असताना, पहाटेच कागदी चिकटपट्टी लावली. आत पातळ नायलॉनचा आणि वर लोकरीचा असे दोन मोजे घातल्याने घासणे त्या दोघांतच राहिले. खरा गुण आला तो नाडीने. बुटाच्या सर्वांत वरच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या भोकातून नाडी त्याच बाजूला ओवून दोन्हीकडे फास ठेवले, समोरासमोरची टोके त्या फासांतून घेऊन आवळली आणि टाच जागेवर बसली. घाटाच्या उतारावर मात्र बोटे पुढे आदळतात, म्हणून नखे आधीच कापावीत. मधुमेह असणाऱ्यांनी अशा फोडावर घरगुती उपाय न करता डॉक्टरांनाच दाखवावे.