एपीआयमधील बदलांची नोंद कशी लिहावी

एपीआय म्हणजे दुसऱ्याचा कोड किंवा सेवा आपल्या कोडमधून वापरण्यासाठी ठरवून दिलेली नावे आणि पद्धती. एखाद्या लायब्ररीचा, म्हणजे इतरांनी वापरायच्या तयार कोडचा, चेंजलॉग (आवृत्तीगणिक बदलांची नोंद) डेव्हलपर नव्या सोयींच्या कुतूहलाने क्वचितच उघडतो. बहुतेक वेळा काल चालणारा त्याचा कोड आज बंद पडलेला असतो आणि नेमके काय बदलले एवढेच त्याला हवे असते. म्हणून नोंद लिहिताना आपण काय केले यापेक्षा त्याला आता काय करावे लागेल, यावर भर द्यावा. ‘तारखांच्या हाताळणीत सुधारणा’ ही ओळ लिहिणाऱ्याला पुरेशी वाटते, कारण मागचापुढचा संदर्भ त्याच्या डोक्यात ताजा असतो. वाचणाऱ्याच्या हाती मात्र त्यातून काहीच लागत नाही आणि तो सोर्स कोड उपसत बसतो.

एखादे फंक्शन काढून टाकायचे असेल, तर ते कोणत्या आवृत्तीत कालबाह्य (अजून चालते, पण यापुढे वापरू नये असे) ठरवले, कोणत्या आवृत्तीत जाणार आहे आणि त्याच्या जागी काय वापरावे, हे तिन्ही एकाच ठिकाणी लिहावे. पायथनच्या पांडाज लायब्ररीतील डेटाफ्रेमची (ओळी-रकान्यांच्या तक्त्याची) अपेंड ही मेथड जानेवारी २०२२ मधील १.४ आवृत्तीत कालबाह्य ठरवण्यात आली आणि एप्रिल २०२३ मधील २.० आवृत्तीत काढून टाकण्यात आली. पर्याय म्हणून कॉन्कॅट हे फंक्शन सुचवण्यात आले. येथे नुसते ‘अपेंडऐवजी कॉन्कॅट वापरा’ असे लिहून भागत नाही. अपेंड एका तक्त्यावर चालवले जात असे, तर कॉन्कॅटला तक्त्यांची यादी द्यावी लागते, त्यामुळे शोधून शब्द बदलणाऱ्याची फसगत ठरलेली. अशा वेळी जुना कोड आणि त्याखाली नवा कोड, दोन-दोन ओळींत का होईना, शेजारी शेजारी दाखवावा. शिवाय लूपमध्ये तक्त्याला एकेक ओळ जोडत जाण्याची सवय अनेकांना असते; तशा ओळी आधी साध्या यादीत गोळा करून शेवटी एकदाच जोडाव्यात, हेही तिथेच सांगितले तर वाचणाऱ्याचा कोड नुसता चालणारच नाही, वेगवानही होईल.

नाव नाहीसे झाले की निदान एरर तरी येते. खरा घात होतो तो नाव तेच राहून अर्थ बदलतो तेव्हा. पायथन २ मध्ये पाच भागिले दोन असा पूर्णांकांचा भागाकार केला की उत्तर दोन येई, पायथन ३ मध्ये अडीच येते. चिन्ह तेच, आणि तक्रार कुठेच नाही. समजा, पेमेंटच्या एपीआयमध्ये ‘रक्कम’ हे फील्ड आधी रुपयांत होते आणि नव्या आवृत्तीत ते पैशांत धरले जाऊ लागले. ज्याने ही नोंद वाचली नाही तो ५०० पाठवत राहील, ग्राहकाकडून पाच रुपये वसूल होतील आणि महिनाअखेरीस हिशेब जुळवताना ते कोणाच्या तरी लक्षात येईल. असा बदल शक्यतो करूच नये. नवे फील्ड नव्या नावाने द्यावे. टाळता येत नसेल, तर तो किरकोळ दुरुस्त्यांच्या यादीत सतराव्या क्रमांकावर न टाकता नोंदीच्या अगदी वर, वेगळ्या मथळ्याखाली मांडावा.

आवृत्तीच्या आकड्यावर फार विसंबू नये. सिमँटिक व्हर्जनिंगच्या (आवृत्तीचे आकडे बदलाच्या स्वरूपानुसार वाढवण्याच्या) संकेतानुसार पहिला आकडा वाढला की जुना कोड मोडू शकतो एवढे कळते; कुठे मोडेल, हे नोंदच सांगू शकते. कोडमधून दिलेली सूचनाही पुरेशी ठरत नाही, कारण पायथनमधील डेप्रिकेशन वॉर्निंग (कालबाह्य ठरवल्याची सूचना) मुख्य स्क्रिप्टबाहेरच्या कोडमधून आली तर ती सेटिंग बदलल्याशिवाय दिसतच नाही, मग ती कितीही नेमक्या शब्दांत लिहिलेली असो. वेब एपीआयसाठी एक वेगळी सोय आहे: जो पत्ता बंद होणार आहे त्याच्या उत्तरात सनसेट हा हेडर (उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) घालून बंद होण्याची तारीख देता येते. २०१९ च्या आरएफसी ८५९४ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात त्याचे स्वरूप ठरवून दिलेले आहे. मुदत संपल्यावर ४०४ या ‘सापडले नाही’ अशा कोडऐवजी ४१० हा कोड पाठवावा, म्हणजे पत्ता चुकला नसून तो कायमचा बंद केला आहे, हे समजते.

नोंद लिहिण्याची वेळही महत्त्वाची आहे. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी गिटच्या (कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) कमिटची, म्हणजे जतन केलेल्या बदलांवरील शेऱ्यांची, यादी चेंजलॉगमध्ये चिकटवणे ही सर्रास दिसणारी पळवाट आहे; ‘बग फिक्स’, ‘पुन्हा फिक्स’ अशा ओळी वाचून बाहेरच्या माणसाने काय समजावे? ज्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मूळ कोडमध्ये मर्ज करण्याच्या, म्हणजे मिसळून घेण्याच्या, विनंतीत) बदल आहे तिच्यातच त्याची नोंद असावी, आणि नोंद नसेल तर रिव्ह्यू करणाऱ्याने ती मर्ज करू नये. रिलीजपूर्वी, त्या कामात नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला जुन्या आवृत्तीवरचा छोटा प्रोजेक्ट देऊन केवळ नोंदीच्या आधाराने तो नव्या आवृत्तीवर आणायला सांगावे. अडल्यावर तो जे प्रश्न घेऊन येईल, त्यांची उत्तरे तोंडी न देता नोंदीतच लिहावीत.