नौरूवरचे बालपण कसे लिहून ठेवावे

पॅसिफिक महासागरात, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला, अवघ्या २१ चौरस किलोमीटरचे नौरू नावाचे बेट आहे. जवळात जवळचा शेजारी म्हणजे पूर्वेकडचे बनाबा, आणि तेही सुमारे ३०० किलोमीटरवर. फॉस्फेट या खतासाठी लागणाऱ्या खनिजाच्या कामासाठी, तसेच शाळा-दवाखान्यांतल्या नोकऱ्यांसाठी तेथे निरनिराळ्या देशांतून कुटुंबे येत, काही वर्षे राहत आणि करार संपला की निघून जात. अशा एका कुटुंबातला मी मुलगा. १९७४ ते १९८१ ही माझ्या वयाच्या सहाव्या ते तेराव्या वर्षांपर्यंतची सात वर्षे तेथे गेली. ज्यांचे बालपण असेच एखाद्या दूरच्या बेटावर गेले आहे आणि ज्यांना ते लिहून ठेवायचे आहे, त्यांच्यासाठी मी माझी पद्धत येथे सविस्तर मांडतो आहे. ती नौरूच्या आधाराने सांगितली आहे, कारण मला तेवढेच बेट ठाऊक आहे.

अशा आठवणींची अडचण सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. गावाकडच्या आठवणी अधूनमधून तपासून पाहता येतात, कारण गाव जागेवर असते आणि जुनी माणसे भेटत राहतात. बेटाचे तसे होत नाही. तेथे सहज जाणे होत नाही आणि त्या वेळचे सोबती चार दिशांना पांगलेले असतात, त्यामुळे आठवणीला कोणी टोकत नाही आणि ती वर्षागणिक गोड होत जाते. शेवटी हाती उरते ते निळे पाणी, पांढरी वाळू आणि वाकलेला माड. हे वर्णन कोणत्याही बेटाला लागू पडते, आणि म्हणूनच ते आपल्या बालपणाचे नसते.

लेखनाला सालापासून किंवा घरापासून सुरुवात न करता रस्त्यापासून सुरुवात करावी, असे मी अनुभवाने सांगतो. नौरूला किनाऱ्याने फिरणारा सुमारे १९ किलोमीटरचा एकच मुख्य रस्ता आहे. सायकलवरून एका दुपारी सगळा देश फिरून होतो. एका मोठ्या कागदावर बेटाचा लांबट गोल काढावा. पश्चिमेला आयवो, जेथे फॉस्फेट जहाजात भरणारे समुद्रावर झुकलेले पोलादी हात आहेत. दक्षिणेला यारेन आणि विमानाची धावपट्टी. पूर्वेला अनिबारेचा उपसागर. आत, नैर्ऋत्येच्या अंगाला, बुआडाचे तळे. एवढ्या खुणा पुरेत. मग डोळे मिटून आपल्या दारातून निघावे आणि एकाच दिशेने चालत राहून जे जे लागेल ते क्रमाने लिहावे: घर, कुंपण, दुकान, भुंकणारा कुत्रा, चढ. ‘समुद्र दिसतो’ असे लिहू नये, कारण तो सतत दिसतोच. तो कोणत्या हाताला आहे ते लिहावे. आयवोहून यारेनकडे निघालो की समुद्र उजव्या हाताला असे, आणि शाळेतून परतताना तो डाव्या हाताला येई. ही एवढीशी गोष्ट कागदावर आली आणि त्या पाठोपाठ मला रस्त्याकडेचे पाण्याचे टाके आठवले, टाक्यावरचा पत्रा आठवला, आणि पत्र्यावर तापलेला हात पटकन मागे घेणारा माझा भाऊही आठवला. पाय चालू लागले की स्मरण मागून येते. माझा या क्रमावर पूर्ण विश्वास आहे.

रस्ता पूर्ण झाला की त्यावरच्या प्रत्येक आठवणीला एकच प्रश्न विचारावा: हे इतरत्र कोठे घडू शकले असते का? घडू शकले असते, तर ती आठवण ठेवावी, पण तिच्यावर फार शब्द खर्च करू नयेत. जी फक्त तेथलीच आहे तिच्याजवळ थांबावे. माझ्या बाबतीत ती आठवण धुळीची निघाली. फॉस्फेट वाळवून जहाजात भरताना त्याची फिकट, पिठासारखी धूळ उडे. आई कपडे वाळत घालण्यापूर्वी अंगणात येऊन आधी वारा पाही. वर्षाचा बराच काळ वारा पूर्वेकडून वाहत असल्याने धूळ समुद्राकडे जाई. पश्चिमेचा वारा सुटला की ती घरांवर येई आणि धुतलेली चादर दोरीवरून काढताना घडीच्या रेषेत करकरीत पिवळसर थर सापडे. आई ती चादर दोन टोकांना धरून झटके, मी दुसरी दोन टोके धरी, आणि त्या झटक्यासरशी दाताखाली कच येई. त्याच पश्चिमेच्या वाऱ्याच्या दिवसांत, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जहाजांना बेटाला लागणे अवघड होई आणि ती दूर समुद्रात वाट पाहत राहत. नौरूला नदी नाही. पावसाचे पाणी साठवावे लागे आणि कमी पडे तेव्हा फॉस्फेट न्यायला येणाऱ्या जहाजांतूनच गोडे पाणी येई. चादरीवरची धूळ आणि पेल्यातले पाणी या दोन्ही गोष्टी एकाच व्यापाराच्या आहेत, हे मला लिहिताना प्रथम उमगले.

यानंतर तारखांचे काम. लहान मुलाला वर्षे आठवत नाहीत, प्रसंग आठवतात. म्हणून सार्वजनिक घटनांच्या खुंट्या ठोकून त्यांना आपले प्रसंग अडकवावेत. नौरूसाठी उपयोगी पडतील अशा काही खुंट्या: ३१ जानेवारी १९६८ रोजी मिळालेले स्वातंत्र्य, १ जुलै १९७० रोजी फॉस्फेटचा उद्योग नौरूच्या हाती येणे, १९७७ मध्ये मेलबर्नला उभी राहिलेली नौरू सरकारची ५२ मजली इमारत. माझ्या सर्वांत कामी आलेली खुंटी मात्र घड्याळाची आहे. १९७९ साली नौरूचे प्रमाणवेळेचे घड्याळ अर्धा तास पुढे करण्यात आले. वडील खुर्चीवर चढून भिंतीवरचे घड्याळ पुढे करत आहेत आणि आम्ही दोघे भाऊ ‘मग मधला अर्धा तास कोठे गेला’ म्हणून त्यांच्या मागे लागलो आहोत, हे दृश्य मला स्पष्ट दिसते. त्या दृश्यात माझा पुढचा दात पडलेला नाही, भावाच्या हाताला प्लास्टर आहे. तेवढ्यावरून आधीच्या-नंतरच्या पाच-सहा आठवणींचा क्रम लागला.

दोन शाया वापराव्यात, हा माझा आग्रह आहे. मुलाने जे पाहिले ते एका शाईत, आणि मोठेपणी जे वाचून कळले ते दुसऱ्या शाईत. ३१ जानेवारीला मिरवणूक, झेंडे आणि शाळेला सुट्टी, एवढे माझ्या निळ्या शाईत आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने सुमारे १,२०० नौरूवासीयांना ट्रुक बेटांवर नेले, त्यांतले ७३७ जण १९४६ साली ३१ जानेवारीलाच परत आले, आणि म्हणून स्वातंत्र्यासाठी तीच तारीख निवडली गेली, हे काळ्या शाईत आहे. २६ ऑक्टोबरच्या अंगाम दिनाचेही तसेच. लोकसंख्या १,५०० वर पोहोचल्याशिवाय समाज टिकणार नाही, असे मानले जात असताना १९३२ साली तो आकडा गाठला गेला, त्याचा तो उत्सव. मला त्यातले फक्त गाणे आणि खाणे आठवते. दोन्ही शाया मिसळल्या तर सात वर्षांचा मुलगा इतिहासकारासारखा बोलू लागतो आणि वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

आता ज्या भागाबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे त्याकडे येतो. बेटाचा मधला उंचवटा, ज्याला तेथे सगळे ‘टॉपसाइड’ म्हणत, तो खाणकामाने पोखरला गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झालेल्या या खोदकामाने बेटाचा सुमारे ८० टक्के भाग उजाड केला. फॉस्फेट काढून नेल्यावर मागे प्रवाळी चुनखडीचे उंच, धारदार सुळके तेवढे उरले. आम्ही मुले त्या सुळक्यांत लपाछपी खेळत असू. खेळ फार रंगे, आणि ते तसेच लिहावे. पण त्याच परिच्छेदात हेही यावे की लपलेल्या मुलाला तेथे सावली मिळत नसे, दगड उन्हाने पांढरे होऊन डोळ्यांवर येत, आणि पूर्वी जेथे झाडे होती तेथे एक पक्षीही बसत नसे. आमचे घर, आमची शाळा, वडिलांचा पगार या सर्वांचे मूळ त्या खड्ड्यांत होते. स्वातंत्र्यापूर्वी खणलेल्या जमिनीच्या भरपाईसाठी नौरूने १९८९ मध्ये, तेव्हा बेटाचा कारभार पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला आणि १९९३ मध्ये तडजोड होऊन ऑस्ट्रेलियाने १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे मान्य केले. हे लिहिताना क्षमायाचनेचे भाषण करू नये. आठवण जशी होती तशी ठेवावी आणि तिच्या शेजारी जमीन ठेवावी. टॉपसाइड वगळून लिहिलेले नौरूचे बालपण मला अपुरेच नव्हे, तर खोटे वाटते.

माणसांच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी. डेनिगोमोडूच्या बाजूला ‘लोकेशन’ नावाची कामगारांची वस्ती होती. किरिबाटी, तुवालू या बेटदेशांतून आलेली आणि चिनी वंशाची माणसे तेथे दाटीने राहत. आपल्या घरी कोण येत असे हे सर्वांना आठवते. आपण कोणाच्या घरी कधीच गेलो नाही, हे मुद्दाम आठवून लिहावे. तेव्हाच्या सवंगड्यांची खरी नावे मात्र त्यांना विचारल्याशिवाय इतरांच्या हाती पडणाऱ्या प्रतीत घालू नयेत.

भावंडांशी बोलावे, पण आपला पहिला मसुदा पूर्ण झाल्यानंतरच. आधी बोलले की त्यांची आठवण आपली होऊन बसते. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि मतभेद मिटवू नयेत. संध्याकाळनंतर लांब काठीच्या जाळ्यांनी नॉडी पक्षी पकडणारी माणसे आम्हा दोघांनाही आठवतात. माझ्या आठवणीत तेथे शांतता आहे, भावाच्या आठवणीत टेपरेकॉर्डरवर पक्ष्यांचे आवाज लावलेले आहेत. पक्ष्यांना बोलावण्यासाठी आवाज लावत असत, हे खरे आहे. तरीही माझी शांतता मी खोडलेली नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या आहेत.

छायाचित्रांविषयी थोडक्यात. कागदी छायाचित्रे किमान ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावीत, मागच्या बाजूचा मजकूरही स्कॅन करावा, आणि नवी नोंद मऊ पेन्सिलीनेच करावी. स्लाइड असतील तर त्यांच्या पुठ्ठ्याच्या चौकटी कोणालाही काढू देऊ नयेत. मी आमच्या स्लाइड एका दुकानात साफ करायला दिल्या. त्यांनी त्या नव्या प्लास्टिकच्या चौकटींत बसवून दिल्या आणि जुन्या टाकून दिल्या. फिल्म धुतल्याचा महिना आणि साल त्या जुन्या पुठ्ठ्यांवरच छापलेले होते. ९६ स्लाइडच्या तारखा त्या एका दुपारी गेल्या.

सर्वांत शेवटी पुन्हा तो पहिला नकाशा काढावा आणि कोणता भाग कोरा राहिला ते पाहावे. उपग्रहचित्र उघडायचे असेल तर ते आता उघडावे, त्यापूर्वी नाही. माझ्या नकाशात अनिबारेपासून उत्तरेकडे अनाबारपर्यंतचा रस्ता कोरा होता. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन, पण माझ्याजवळ तेथले काहीच नाही. भावाने तो कागद ओढून घेतला आणि किनाऱ्यालगत एक चौकोन काढला: जपानी सैन्याने बांधलेली काँक्रीटची चौकी, जिच्या आत तो पावसात एकदा अडकला होता आणि मी बाहेर सायकल धरून भिजत उभा होतो. मला ते आजही आठवत नाही. तो चौकोन नकाशावर हिरव्या शाईत आहे.