ऑटिस्टिक मुलांमधली अँक्झायटी आणि डिप्रेशन कसं ओळखायचं

"ऑटिझम आहे ना, म्हणून असं वागतो" हे आधी डोक्यातून काढा प्लीज. ऑटिस्टिक मुलांमध्ये अँक्झायटी खूप कॉमन आहे, साधारण 40 टक्के मुलांमध्ये निदान होण्याइतकी, आणि या एका वाक्याखाली ती वर्षानुवर्षं झाकली जाते.

तुलना दुसऱ्या मुलांशी नाही, त्याच मुलाच्या आधीच्या वागण्याशी करायची. एकटं राहणं, कमी बोलणं पहिल्यापासूनच असेल तर त्यावरून डिप्रेशन ठरत नाही. पण जो मुलगा तासनतास रेल्वेची टाइमटेबलं वाचत बसायचा तो आता त्यांना हातच लावत नाही, झोप बिघडलीये, अंघोळ नको म्हणतो, स्वतःला मारून घेणं वाढलंय आणि हे दोन आठवडे झाले तरी चालूच आहे, तर वाट बघू नका. रडका चेहरा दिसेलच असं नाही, नुसती चिडचिडही असू शकते. सोबत दात, कान, बद्धकोष्ठता, नवीन औषधं हेही डॉक्टरांना बघायला सांगा, न बोलणारं मूल दुखणंसुद्धा वागण्यातूनच सांगतं.

फुगा फुटल्यावर कान झाकले तर तो आवाजाचा त्रास, पण वाढदिवसाला जायचंय म्हणून दोन दिवस आधीपासून जेवण जात नसेल तर ती अँक्झायटी. दोन्ही एकत्रही असतात.

"कसं वाटतंय?" विचारलं की बरीच मुलं "ठीक" म्हणून मोकळी होतात, कारण आत काय चाललंय ते शब्दात पकडणंच त्यांना अवघड जातं. त्यापेक्षा "उद्या वर्गात काय होईल असं वाटतं?", "पोटात गोळा कधी येतो?" असं नेमकं विचारा, टाइप करून किंवा चित्र दाखवून उत्तर दिलं तरी चालेल, फक्त घाई करू नका. शाळेतूनही माहिती घ्या, पण "शाळेत तर शांत असतो" यावर विसंबू नका, काही मुलं दिवसभर दाबून ठेवतात आणि घरी येऊन फुटतात.

सायकॉलॉजिस्टना एएससी-एएसडी या अँक्झायटी तपासणाऱ्या प्रश्नावलीबद्दल विचारा. 24 प्रश्न, पालकांची वेगळी आणि मुलाची वेगळी, ऑटिस्टिक मुलांसाठीच बनवलेली, अनिश्चिततेची भीतीही त्यात येते. नुसत्या स्कोअरवरून निदान होत नाही, सविस्तर बोलणं लागतंच.

आणि आत्महत्येबद्दल सरळ शब्दांत विचारा, आडवळणाने नको: "मरून जावं असं मनात येतं का? तसं काही ठरवलंयस का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर आवाज न चढवता ऐकून घ्या, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.