क्लबच्या बैठकीतल्या सुट्ट्या पैशांतून अल्झायमर संशोधनाला हातभार कसा लावावा

अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या समटर गावच्या रोटरी सदस्यांनी १९९०च्या दशकात एक रीत पाडली. बैठकीला आलं की खिशातली मोड अल्झायमरच्या संशोधनासाठी टाकायची. त्यातून ‘कार्ट फंड’ उभा राहिला आणि संशोधकांना अनुदानं मिळू लागली. मुंबईतल्या कुठल्याही क्लबाला हे जमेल.

आधी पैसे कुणाला द्यायचे ते ठरवा. रुग्णसेवा आणि संशोधन ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही गरजेची, पण सदस्यांना एक सांगून दुसऱ्याला पैसे देऊ नका. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं ‘सेंटर फॉर ब्रेन रिसर्च’ कोलार जिल्ह्यातल्या खेड्यांत ४५ वर्षांवरच्या लोकांच्या मेंदूच्या आरोग्याचा दीर्घकाळ मागोवा घेतं. अशा संस्थेला पत्र लिहून देणगीची पद्धत विचारून घ्या. परदेशात पैसे पाठवायचे असतील तर आधी सीएंशी बोला.

रक्कम क्लबच्या नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यातच जमा करा. ट्रस्ट नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पैसे गोळा करण्याच्या परवानगीची चौकशी करा. दादर स्टेशनबाहेर डबे घेऊन उभं राहण्याचा मोह टाळा; सुरुवात सदस्यांपासूनच बरी.

आता बरणी. पारदर्शक, कुलूपबंद, वर नाण्यापुरती फट. हल्ली वडापावचे पैसेही यूपीआयने जातात, म्हणून बरणीवर ट्रस्टच्या खात्याचा क्यूआर कोड चिकटवा. हजेरी झाली की बरणी फिरवा. किमान रक्कम ठेवू नका आणि कुणी किती टाकले हे कधीही जाहीर करू नका. पाच रुपये टाकणाऱ्याला संकोच वाटला की पुढच्या वेळी तो बरणी नुसतीच पुढे सरकवतो.

खरी कसोटी मोजणीची. त्याच संध्याकाळी, सगळ्यांसमोर, दोघांनी बसून दहा-दहा नाण्यांच्या चळती लावाव्यात, आकडा वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि त्या पानाचा फोटो क्लबच्या ग्रुपवर टाकावा. कोपऱ्यावरचा किराणावाला सुट्ट्यांच्या बदल्यात नोटा आनंदाने देतो. चहापाण्याचा खर्च यातून एक रुपयाही नको. मोठी रक्कम देणाऱ्यांना आठवण करून द्या: २००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकर सवलत मिळत नाही.

महिन्यातून एकदा दोन मिनिटं आजाराबद्दल बोला. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे आणि अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण. पण आकड्यापेक्षा घरचा अनुभव जास्त पोचतो. उमर सरली त्याच घरात बसून आई तिन्हीसांजेला “मला घरी सोड” म्हणते, हे सांगणारा एखादा सदस्य तुमच्याही क्लबात असेल. त्याची तयारी असेल तरच बोलायला सांगा. २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, कुटुंबीयांनाही बोलवा.

३० जूनला रोटरी क्लबचं वर्ष संपतं. त्याआधी सगळी रक्कम संस्थेला पाठवून पावती वहीत चिकटवा आणि नव्या अध्यक्षांकडे वही, बरणी नि किल्ली सही घेऊन सोपवा.