मासेमारी आणि कुटुंबाची सैर: एकच बोट घेताना

मुंबईच्या बंदरात दुपारनंतर वारा वाढला की पाणी खडबडीत होतं. सपाट तळाची बोट स्वस्त, पण लाटांवर आपटते. मुलं आणि आजी दोघंही मांडव्यापर्यंत वैतागतात. म्हणून 20 ते 22 फुटी, व्ही आकाराच्या तळाची, मागच्या टोकाला तळाचा उतार आडव्या रेषेपासून 18-20 अंश असलेली फायबर बोट बघा. गळ टाकायला मागची जागा मोकळी हवी, म्हणून बाकं घडीची घ्या. छत मात्र हवंच.

इंजिन फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं), बोटीच्या क्षमतेच्या पाटीवरील कमाल अश्वशक्तीच्या जवळपासचं. कमी ताकदीचं इंजिन भरल्या बोटीला पाण्यावर उचलत नाही, उलट पेट्रोल जास्त पितं. इथे प्लास्टिकच्या पिशव्या इंजिन थंड ठेवणारं पाणी आत घेणाऱ्या जाळीत अडकतात. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली की लगेच बंद करा, नाहीतर ते तापून जाम होतं.

जुनी बोट असेल तर ट्रान्सम, म्हणजे इंजिन बसतं ती मागची भिंत, छोट्या हातोडीने ठोकून पाहा. बद्द आवाज म्हणजे आतलं लाकूड कुजलेलं. रंग कितीही चकाचक असो, सोडून द्या.

टाकीचा हिशोब: एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव.