बारावीचे रसायनशास्त्र : अभ्यास करूनही गुण घालवणाऱ्या या चुका टाळा

दादर-माटुंग्याचे क्लास सुटल्यावर डोंबिवली-बदलापूरच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या नोट्स वाचणारी मुले मुंबईत रोज दिसतात. त्यांची मेहनत खरी असते. म्हणूनच चाचणीत सत्तरपैकी तीस गुण पडले की ‘केमिस्ट्री मला जमतच नाही’ असे त्यांनी ठरवून टाकावे, याचे मला फार वाईट वाटते. त्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना पुन्हा पुन्हा त्याच मोजक्या चुका आढळतात आणि त्या दुरुस्त करता येण्याजोग्या असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सोडवलेली उदाहरणे नुसती वाचणे. पुढची पायरी समोर छापलेली असल्याने ती आपल्यालाही सुचली असती असे वाटते, आणि परीक्षेत कोऱ्या कागदासमोर हात थांबतो. उदाहरणातील दिलेली माहिती तेवढी वाचावी, उत्तर झाकावे आणि स्वतः लिहायला लागावे. हात जिथे अडेल तिथे खूण करावी, कारण आपल्याला नेमके काय येत नाही ते त्या ओळीत सापडते. गर्दीच्या गाडीत लिहिणे अशक्य असते, हे मान्य. तो वेळ मनातल्या उजळणीला द्यावा : बेंझीनपासून अ‍ॅनिलिनपर्यंत कसे जायचे? आधी नायट्रेशन, मग टिन व हायड्रोक्लोरिक आम्लाने क्षपण (रिडक्शन), शेवटी अल्कली घालून अमाइन मोकळे करणे. प्रत्येक पायरीला ‘हाच अभिकर्मक का?’ हे स्वतःला विचारले, तर सेंद्रिय रसायनशास्त्रातील पाठांतर निम्म्यावर येते.

दुसरी चूक एककांची आहे. चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात होणाऱ्या अमोनियाचेच उदाहरण घेऊ. एक मोल नायट्रोजन आणि तीन मोल हायड्रोजन यांच्यापासून दोन मोल अमोनिया होताना एन्थाल्पीतील बदल, म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण, सुमारे उणे ९२ किलोज्यूल असतो, तर एन्ट्रॉपीतील, म्हणजे अव्यवस्थेतील, बदल सुमारे उणे १९९ ज्यूल प्रति केल्विन. २९८ केल्विनला गिब्ज ऊर्जेतील बदल (एन्थाल्पीतील बदल वजा तापमान गुणिले एन्ट्रॉपीतील बदल; तो उणे आला, तर अभिक्रिया आपोआप घडू शकते) काढताना एन्ट्रॉपीचे ज्यूल किलोज्यूलमध्ये बदलले, तर उत्तर सुमारे उणे ३३ किलोज्यूल येते. ते विसरले, तर अधिक ५९ हजारांच्या घरातील आकडा येतो आणि आपोआप घडू शकणारी अभिक्रिया अशक्य ठरते. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, निष्कर्ष मात्र उलटा! म्हणून प्रत्येक ओळीत आकड्यासोबत एकक लिहावेच. वायू स्थिरांक ८.३१४ (ज्यूलमध्ये) घ्यायचा की ०.०८२१ (लिटर-अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये), याचा निर्णयही एककांवरूनच होतो.

याच अभिक्रियेबाबत आणखी एक गैरसमज हमखास आढळतो : लोहाचा उत्प्रेरक वापरल्याने अमोनियाचे प्रमाण वाढते. उत्प्रेरकामुळे समतोल लवकर गाठला जातो, त्याचे स्थान बदलत नाही. अमोनियाचे प्रमाण जास्त दाबाने आणि कमी तापमानाने वाढते. परंतु तापमान फार उतरवले, तर वेग मंदावतो, आणि म्हणून कारखान्यात सुमारे ४५० अंश सेल्सिअसची तडजोड स्वीकारली जाते.

बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नसल्याने लॉग टेबलची सवय आधीपासूनच हवी. हायड्रोजन आयनांची संहती २.५ गुणिले १० चा उणे चौथा घात असेल, तर पीएच (संहतीच्या लॉगची उणे किंमत) ४ वजा ०.३९८, म्हणजे ३.६०२ येतो. कित्येक जण वजाबाकीऐवजी बेरीज करून ४.३९८ लिहितात. संहती १० च्या उणे चौथ्या घातापेक्षा जास्त आहे, तेव्हा पीएच ४ पेक्षा कमीच असणार, एवढा अंदाज आधी बांधला असता तर ही चूक जागीच सापडली असती.

चुकलेल्या प्रश्नांसाठी वेगळी वही ठेवावी आणि प्रत्येकासमोर कारण लिहावे : संकल्पना कळली नव्हती, एकक चुकले, आकडेमोड चुकली की प्रश्नच नीट वाचला नव्हता. पंधरा दिवसांत कोणते कारण वरचढ आहे ते दिसते. एककांमुळे गुण जाणाऱ्याने धडा पुन्हा वाचण्यात रविवार घालवण्यात अर्थ नाही.

प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांकडे होणारे दुर्लक्ष मला विशेष खटकते, कारण दुसऱ्याचे जर्नल उतरवून ते कौशल्य येत नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) सौम्य सल्फ्युरिक आम्लच घ्यावे, कारण हायड्रोक्लोरिक आम्लाचे परमँगनेटमुळे ऑक्सिडीकरण होते आणि वाचन चुकते. आम्ल कमी पडून तपकिरी गढूळपणा दिसू लागला, तर तो मँगनीज डायऑक्साइड समजावा आणि प्रयोग नव्याने सुरू करावा. ऑक्झॅलिक आम्ल असेल, तर ते ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करावे. पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो, तेव्हा घाईने पुढचे थेंब सोडू नयेत. ब्युरेटमधील, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या उभ्या नळीतील, द्रावण गडद असल्याने खालची वक्र कड दिसत नाही. अशा वेळी डोळे पातळीच्या समोर आणून वरच्या कडेवर वाचन घ्यावे, आणि सुरुवातीचे व शेवटचे वाचन एकाच पद्धतीने घ्यावे.